वावधनात पडलेली झाडे

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला त्याचे गाव विचारावे, तर तालुक्याचे नाव घेण्याच्या आधी तो आपण घाटावरचे की घाटाखालचे हे सांगतो; आणि ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याची ही वाटणी केली आहे ती एकदा नीट पाहिली, म्हणजे ही वाटणी केवळ बोलण्यापुरती नाही हे ध्यानात येते. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा यांचे खडकाळ पठार. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव यांचे पूर्णेच्या खोऱ्यातले काळे सपाट रान. या दोहोंना सांधणारे राजूरचे आणि बोथ्याचे घाटरस्ते. आणि पूर्णेच्या पलीकडे, अगदी उत्तरेस, जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा, अशी ही रचना आहे. वैशाखात खोऱ्यातला पारा चाळिशीच्या पुष्कळ वर चढतो, तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन उंच निघते, आणि अशा दिवसांत समुद्राकडची थोडीशी आर्द्रता येऊन पोचली की दुपार कलता कलता डोंगरावर ढगांचे मनोरे उभे राहून दिवेलागणीच्या सुमारास वारा सुटतो. वऱ्हाडात त्याला वावधन म्हणतात. पावसाचे चार थेंब पडोत वा न पडोत, वावधन येऊन गेल्यावर गावातला प्रत्येक माणूस प्रथम आपल्या छपराकडे पाहतो आणि मग आपल्या झाडाकडे.

हा वारा दुरून वाहत आलेला नसतो, तर बहुधा वरून पडलेला असतो. ढगातून निघालेले पावसाचे थेंब खालच्या कोरड्या हवेत शिरले की त्यांच्यापैकी पुष्कळांची वाटेतच वाफ होते. ह्या वाफेला लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जात असल्यामुळे ती हवा थंड व जड होते, आणि जड झालेली हवा थेंबांच्या व गारांच्या ओझ्यासह वेगाने खाली कोसळून, भरलेली घागर फरशीवर उपडी केल्यावर पाणी जसे चोहीकडे धावते तशी, जमिनीला भिडताच चारी दिशांना पसरते. पावसाच्या आधी धुळीचा लोट येतो आणि अंगावर एकाएकी गार झुळूक येते, ती या पसरत्या हवेची आघाडी होय. हवेचा दाब तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा ताशी ४० किलोमीटरचा वारा ८० चा झाला, तर झाडावरचा भार दुप्पट न होता चौपट होतो. इंग्रजी आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट याने १८०५ साली वाऱ्याची जी श्रेणी आखली, तिच्या आजच्या रूपात ताशी ८९ ते १०२ किलोमीटरचा वारा दहाव्या पायरीवर येतो, आणि तिथे झाडे मुळासकट उन्मळतात अशी खूण दिलेली आहे. आमच्या घाटावरची पुष्कळ झाडे मात्र ह्या दहाव्या पायरीची वाट पाहत नाहीत. ती का, ते पुढे येईल.

वाऱ्याच्या ह्या पडण्याचा शोध पडलेल्या झाडांनीच लावून दिला, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. तेत्सुया फुजिता नावाचे जपानी शास्त्रज्ञ १९४५ साली, अणुबाँब पडल्यानंतर, नागासाकी व हिरोशिमा येथील उद्ध्वस्त भागाची पाहणी करण्यास गेले होते, आणि स्फोटाच्या बरोबर खालची झाडे उभी राहून भोवतालची मात्र केंद्रापासून बाहेरच्या दिशेने आडवी झालेली त्यांनी तिथे पाहिली. पुढे ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठात असताना, १९७४ च्या एप्रिलमधील मोठ्या वादळांनंतर, विमानातून जंगलावर नजर टाकताना त्यांना तोच आकार पुन्हा दिसला: मध्यबिंदूपासून चहूबाजूंना शेंडे करून पडलेली झाडे. फिरत्या चक्रीवाताने पडलेली झाडे गुंतागुंतीची पडतात, ही तर किरणांसारखी पसरली होती. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान कोसळले, आणि त्या अपघाताचा छडा लावताना ढगातून खाली झेपावणाऱ्या वाऱ्याची कल्पना फुजितांनी जगापुढे मांडली. ज्याला डोळे आहेत त्याने वावधनाच्या दुसऱ्या दिवशी घाटाच्या कडेला उभे राहून पडलेल्या झाडांचे शेंडे कोणीकडे आहेत एवढे टिपून ठेवावे. एकट्यादुकट्या झाडावर विसंबू नये, कारण एकटे झाड वाऱ्यापेक्षा आपल्याच वजनाच्या ओढीने पडते. परंतु दहा-वीस झाडे मिळाली, तर काल सायंकाळी ढग कोणत्या शिवारावर रिता झाला हे हवामान खात्याच्या अहवालाची वाट न पाहता सांगता येते.

आता एक विसंगती पाहा. वारा डोंगराच्या माथ्यावर अधिक जोराने वाहतो, कारण चढण चढताना त्याचा प्रवाह दाटतो. घाटावरच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या रानात साग, सालई, धावडा, अंजन यांची दाटी आहे. तेव्हा सर्वांत अधिक पडझड तिथे व्हावी अशी आपली अपेक्षा. परंतु एप्रिल-मेच्या वादळांत रानातली पडझड गावातल्या पडझडीच्या मानाने किरकोळ असते. याचे कारण असे की त्या दिवसांत सागाच्या अंगावर पान नसते. पानगळीचे रान त्या वेळी नुसत्या काटक्यांचे असते आणि वारा त्यातून आरपार निघून जातो. गावातली झाडे नेमकी उलट वागतात. कडुनिंब फाल्गुनात पाने टाकून चैत्रात नव्या पालवीने आणि मोहराने भरून येतो, वड-पिंपळ त्याच सुमारास कोवळी पाने धरतात, आंबा फळांनी लवलेला असतो. म्हणजे ज्या झाडांच्या सावलीसाठी आपण त्यांना अंगणात ठेवले, ती झाडे आपल्याला सावलीची सर्वांत अधिक गरज असते त्याच महिन्यांत वाऱ्यापुढे सर्वांत मोठा पसारा मांडून उभी असतात. त्यात त्यांना शेजारचे झाड आडोशाला नाही; रानातली झाडे एकमेकांचा वारा अडवतात, अंगणातला निंब सगळा वारा एकटा अंगावर घेतो.

शेगावहून अकोल्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे पारस हे गाव वीजकेंद्रामुळे प्रसिद्ध आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी, रविवारी सायंकाळी, तेथील बाबूजी महाराजांच्या मंदिरापाशी जमलेली माणसे वादळ आणि पाऊस आल्यामुळे पत्र्याच्या सभामंडपाखाली आश्रयास गेली, आणि लगतचा जुना प्रचंड कडुनिंब त्या मंडपावर कोसळून ७ जणांचा अंत झाला. जखमी झालेल्यांची संख्या त्याहून कितीतरी अधिक होती. पत्रा तापतो म्हणून मंडप झाडाखाली बांधायचा आणि पाऊस आला की झाडाखालून निघून मंडपात शिरायचे, ही रीत आमच्याकडे गावोगाव आहे, शाळांतून आहे, बसथांब्यांवर आहे. तिच्यात कोणालाही कधी धोका दिसला नाही, मलाही दिसला नसता. पत्र्याचा स्वभावच असा की तो वरून आलेले ओझे पेलत नाही आणि खालून शिरलेला वारा सोसत नाही. २०२४ च्या जूनमध्ये चिखली तालुक्यातील देऊळगाव घुबे येथे वादळाने घरावरचे पत्रे उडाले; त्यांच्या लोखंडी अँगलला तान्ह्या मुलीचा झोका बांधलेला होता, आणि पत्र्यांबरोबर तोही गेला. छपराच्या आढ्याला झोका बांधण्याची चाल धाब्याच्या घरांच्या काळची आहे. तेव्हा वर हातभर मातीचे वजन असे. घर बदलले, झोका बांधण्याची जागा तीच राहिली.

परंतु पारसचा निंब असो की तुमच्या-आमच्या अंगणातला, तो पडला त्या सायंकाळी पडला असे म्हणणे हे अर्धेच सत्य आहे. झाड जितके उंच तितकी त्याची मुळे खोल अशी आपली समजूत असते. वस्तुतः बहुतेक वृक्षांची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या हात-दोन हातांत असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर, दूरवर पसरलेली असतात. झाड उभे राहते ते ह्या पसरलेल्या मुळांनी धरून ठेवलेल्या मातीच्या वजनावर. घाटावर हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो, तेव्हा मुळांना खाली जाण्यास वाव नसतो व आडवे जाण्यावाचून गत्यंतर नसते. घाटाखाली माती खोल आहे खरी, पण ती काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते, आणि भेग पडताना तिच्या आड आलेली बारीक मुळे तोडून टाकते. पुढे पहिल्या पावसाने तीच माती लोण्यासारखी मऊ झाली की तिची पकड सुटते. ज्या वादळाआधी दोन दिवस पाऊस होऊन गेलेला आहे, ते वादळ त्याच वेगाच्या कोरड्या वादळापेक्षा अधिक झाडे पाडते, ह्याचे कारण ह्या पकडीत आहे.

निसर्गाचा भाग एवढा. बाकीचे काम आपण करतो. नळाच्या पाइपासाठी रस्त्याच्या कडेने चर खणला जातो आणि झाडाची एका बाजूची सगळी मुळे एका दुपारी तुटतात. वरून पाने हिरवीच राहतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दगडांचा जुना पार काढून त्या जागी सिमेंटचा ओटा खोडाला भिडवून बांधला जातो, आणि खोडाच्या तळाशी पाणी साचून बुंधा आतून कुजू लागतो. विजेच्या तारांखालच्या फांद्या दरवर्षी एकाच बाजूने तोडल्या जातात, त्यामुळे झाडाचा तोल कायमचा दुसऱ्या बाजूला जातो. वडाच्या पारंब्या रहदारीला आड येतात म्हणून छाटतात. ती पारंबी जमिनीला टेकली असती तर खांब झाली असती. आणि शेतातले सर्वांत परिचित कारण म्हणजे धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवणे. मृगाच्या आधी शेत मोकळे करताना पऱ्हाट्या, धसकटे, काडीकचरा धुऱ्यावर ओढून आग लावतात. आग झाडाला मारत नाही, फक्त त्याच्या बुंध्याची एक बाजू करपवते. पुढल्या वर्षी त्याच जागी ढीग पडतो, कारण खाच पडलेली असल्यामुळे तिथे काडी चांगली राहते. आठ-दहा वर्षांत त्या बाजूने एक काळी खोली तयार होते, तीत शेळीचे करडू उभे राहू शकते, आणि शेतकरी कौतुकाने ती पाहुण्यांना दाखवतो. अशा झाडाला बोफर्टची सातवी पायरीसुद्धा पुरते.

झाडांच्या जातीजातींतही फरक आहे, आणि जुन्या माणसांना तो पक्का ठाऊक होता. चिंचेची फांदी लवते पण सहसा तुटत नाही. वादळवाऱ्यात टिकणाऱ्या झाडांत तिची गणना जगभर होते. अंजनाचे लाकूड जड व कणखर. सालई मात्र उघड्या खडकाच्या उतारावर तग धरत असली तरी तिचे लाकूड ठिसूळ. मादागास्करहून आलेला गुलमोहर, ऑस्ट्रेलियाहून आलेली निलगिरी, लवकर वाढते म्हणून सरकारी योजनांतून गावोगाव पोचलेली सुबाभूळ, ही मंडळी भराभर वाढतात आणि भराभर वाढलेले लाकूड सहसा कच्चे असते. कचेऱ्यांच्या आवारात गुलमोहर लावण्याची हौस कोणाची होती कोण जाणे. मे महिन्यात तो फुललेला पाहून डोळ्यांचे पारणे फिटते, पण त्याच्याखाली गाडी उभी करणारा माणूस बाहेरगावचाच असला पाहिजे.

झाड पडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत गावाची जी परीक्षा होते, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. घाटावरच्या एका खेड्यात गोठ्यावर निंब पडलेला मी पाहिला आहे. वारा थांबला नव्हता तोच चार घरची माणसे कुऱ्हाडी घेऊन आली. गोठ्यात दोन बैल आणि एक व्यालेली म्हैस, म्हैस ओरडत होती, आणि तरुण पोरे फांद्यांवर चढू लागली होती. तेवढ्यात शेजारचे एक वृद्ध गृहस्थ काठी आडवी धरून पुढे झाले. “थांब ना बा, आंधी तार पाह्य. तारीत करंट हाय का नाही ते लाइनमनले इचार, मंग चढ.” तार खरोखरच पाल्यात गुंतलेली होती. डीपीवरून वीज बंद केल्याचा निरोप येईपर्यंत कोणी हात लावला नाही, आणि म्हशीच्या मालकाला ती वीस मिनिटे किती लांबली असतील हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळत होते. नंतर त्याच वृद्धाने दुसरी आज्ञा केली ती अशी की पोरांनी उपटलेल्या मुळांच्या खड्ड्यात उतरू नये. ही आज्ञा जुन्या लाकूडतोड्यांना ठाऊक असते. आडव्या पडलेल्या झाडाचे खोड त्याच्या शेंड्याच्या वजनाने दाबून धरलेले असते. ते मध्येच कापले की वजन सुटते आणि मुळांचा मातीसकट उभा राहिलेला गड्डा एका झटक्यात खड्ड्यात परत बसतो. खड्ड्यात खेळणारे मूल त्याखाली सापडते. तसेच वाकून ताणलेल्या फांदीवर ताणलेल्या बाजूने घाव घातला तर ती फुटून उसळते. म्हणून आधी दाबाच्या बाजूने थोडी खाच घेऊन मग उलट बाजूने बेताबेताने कापायचे, आणि कापणाऱ्याने फांदी ज्या बाजूला उसळेल त्या बाजूला कधी उभे राहायचे नाही. त्या रात्री सोल बांधून ट्रॅक्टरने मोठी फांदी ओढली, पहारीने आढे उचलले आणि जनावरे बाहेर काढली. एक बैल लंगडत होता. बायकांनी तोवर पलीकडच्या घरी चूल पेटवून चहा केला होता, आणि ज्या घराशी त्या गोठ्याच्या मालकाचे बांधावरून दोन वर्षे बोलणे नव्हते तेच ते घर होते.

दुसऱ्या दिवसापासून मामला दप्तरात शिरतो. पोलीस पाटील वर्दी देतो. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे, पण ज्याला वऱ्हाडातली म्हातारी माणसे अजून पटवारीच म्हणतात, तो येऊन पंचांसमक्ष पंचनामा करतो. केंद्र सरकारच्या नैसर्गिक आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे. महाराष्ट्र शासनाने तीत अवेळी पाऊस, वीज कोसळणे इत्यादींची आपल्यापुरती भर घातली आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या ह्या घटकाभराच्या वाऱ्याला स्वतंत्र घर कोणी दिलेले नाही. म्हणून पंचनाम्यात वाऱ्याच्या जोडीने पावसाचा उल्लेख आवर्जून येतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या दरांप्रमाणे मृताच्या वारसास ४ लाख रुपये, पूर्णतः नष्ट झालेल्या घरास सपाट प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, झोपडीस ८ हजार आणि गोठ्यास ३ हजार रुपये मिळतात. गोठ्याचे ३ हजार हे पत्र्यांच्या दुकानापर्यंत जाऊन येण्याइतपतच असतात, असे कोणी म्हटल्यास त्याला अतिशयोक्तीचा दोष देता यावयाचा नाही. घाटाखाली, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, केळीची बाग आडवी झाली म्हणजे पंचनाम्याचा कागद निराळा. ती कथा झाडांची असली तरी हिशेब पिकाचा असतो.

ज्याचा हिशेब कोणत्याच कागदात बसत नाही तो म्हणजे शेजाऱ्याचा. याचे झाड, त्याचे छप्पर. झाड कोणाचे हे सातबारा सांगेल, पण धुऱ्यावरचे झाड असेल तर सातबाराही मुग्ध राहतो, कारण धुरा दोघांचा. अशा प्रसंगी न्यायालयाची पायरी चढणारे लोक थोडे. बहुधा पारावर चार माणसे बसतात, लाकडाची अंदाजे किंमत बोलली जाते, आणि झाडवाल्याने लाकूड सोडावे, छपरवाल्याने ते विकून पत्रे घ्यावेत, कमी पडेल ते दोघांनी निम्मे सोसावे, अशी तडजोड निघते. फांद्या आणि पाला जो तोडायला आला त्याचा. निंबाच्या बाबतीत ही तडजोड तिसऱ्या दिवशी पुरी होते.

सागाचे तसे नाही. साग स्वतःच्या शेतात, स्वतःच्या हाताने लावलेला आणि वाऱ्याने पाडलेला असला तरी तो विकायला न्यायचा म्हणजे वन खात्याकडे दरखास्त करावी लागते, पाहणी व्हावी लागते, लाकडावर खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटावा लागतो, आणि वाहतुकीचा परवाना हाती पडल्यावाचून गाडी हलवता येत नाही. ह्या बंदोबस्ताला कारण आहे. पडलेल्या सागाच्या नावाखाली उभा साग नेणारे लोक सर्वच काळी असतात. हीच भीती अभयारण्याच्या बाबतीत अधिक कठोर हुकमाच्या रूपाने उभी राहिली आहे. ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१९ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून शेकडो कोस चालत आलेला वाघ तिथे येऊन राहिल्यापासून त्याचे नाव बाहेरच्या जगालाही माहीत झाले. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी दिलेल्या आदेशान्वये कोणत्याही अभयारण्यातून वा राष्ट्रीय उद्यानातून मेलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले झाड हलवण्यास मनाई आहे. त्यामुळे ह्या अभयारण्यातल्या बोथ्याच्या रानात आडवा झालेला वृक्ष पडल्या जागीच राहतो. त्यात भुंगेरे अंडी घालतात, भुंगेऱ्यांच्या अळ्यांसाठी सुतार पक्षी येतो, घोरपड बुंध्याच्या पोकळीत शिरते, आणि लाकडाची माती होण्याचे काम उधई सावकाश पुरे करते. हद्दीच्या खांबाअलीकडे, शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, त्याच वावधनाने पाडलेला दुसरा साग परवान्याच्या प्रतीक्षेत कधी कधी दिवाळीपर्यंत पडून असतो, आणि तोवर शेजाऱ्याच्या शेळ्या त्यावर चढून, एरवी तोंड पुरले नसते अशा हिवराच्या फांद्यांचा पाला खातात. त्याबद्दलही मग एखादे वेळी पारावर चार माणसांना बसावे लागते.